संत्र्याचं सालटं आणि गव्हाची बिअर : क्राफ्ट बिअरचा छंद म्हणजे नेमकं काय?

ज्यांना हा भाग हेडफोन लावून ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलताना जे 'म्हणजे, म्हणजे' झालं ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट. महाराष्ट्रात बिअरसाठी कायद्यानं वय २१ आहे. त्याखालचे कोणी असाल तर हा भाग रसायनशास्त्राचा धडा म्हणून वाचा, तसाही तो बऱ्यापैकी तोच आहे. आणि जे पीत नाहीत, त्यांनी हे वाचून सुरू करावं असं माझं अजिबात म्हणणं नाही.

तर झालं असं. मी मूळचा हिवरखेडचा. मोर्शी तालुक्यातलं. अमरावतीला बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो. आंबिया बहाराचा माल निघत होता. अंगणात संत्र्याची रास, बाबा आणि मी प्रतवारी करत बसलेलो. मोठं फळ एका क्रेटात, मधलं दुसऱ्यात, आणि बारकी फळं, ज्याला आमच्याकडे चुरी म्हणतात, ती बाजूला. तेवढ्यात माझ्या फोनवर मित्राचा मेसेज आला आणि स्क्रीनवर ग्लासांचा फोटो उघडला. आईनं पाहिला.

"हे काय होय?"

म्हटलं, "क्राफ्ट बिअर. आमचा ग्रुप आहे, वेगवेगळ्या बिअरची चव घेतो, वहीत लिहितो. छंद आहे."

आई एवढंच म्हणाली, "म्हंजे दारूच होय ना ते?"

मी गप्प. कारण उत्तर 'हो' आहे. आणि आमच्या घरात हा शब्द साधा नाही. माझा मामा दारूनं गेला, वयाच्या ४४ व्या वर्षी. शेवटचे दोन महिने आई दवाखान्यात त्याच्या उशाशी होती. त्यामुळे आईच्या प्रश्नाला 'अगं, ही वेगळी असते' असं म्हणून उडवून लावणं मला जमलं नाही. आजचा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं नीट उत्तर.

आधी, बिअर बनते कशी?

तुम्ही आंबील खाल्ली असेल. ज्वारीचं पीठ भिजवून ठेवायचं, रात्रीतून ते आंबतं, सकाळी शिजवायचं. दुधाला विरजण लावतो तेही तेच. सूक्ष्मजीव साखर खातात आणि चव बदलतात. बिअरमध्ये हे काम यीस्ट नावाची बुरशी करते. ती साखर खाते आणि दोन गोष्टी सोडते : अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे तिथून येतात.

पण धान्यात साखर कुठे असते? स्टार्च असतो. मग एक युक्ती करतात. जवस नाही हं, जव, म्हणजे बार्ली घेतात. ती भिजवून मोड आणतात, आपण मटकीला आणतो तसे. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, जे स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. मग दाणे वाळवून, थोडे किंवा जास्त भाजून ठेवतात. हे झालं माल्ट. कमी भाजलं तर बिअर सोनेरी, जास्त भाजलं तर कॉफीसारखी काळी. रंग बाहेरून टाकलेला नसतो, दाणा किती भाजला त्यावर असतो.

हे माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. इथे दोन-तीन अंश इकडे-तिकडे झाले तरी बिअर बदलते. तापमान कमी ठेवलं तर साखर यीस्टला पूर्ण खाता येते, बिअर हलकी आणि कोरडी होते. वाढवलं तर न खाता येणारी साखर उरते, बिअर जड लागते. मग ते गोड पाणी गाळून उकळतात आणि त्यात हॉप्स टाकतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. भारतात ती हिमाचलच्या लाहौलमध्ये थोडीफार पिकतात, बाकी बाहेरून येतात. कडवटपणा आणि वास हॉप्सचा, शिवाय त्यानं बिअर लवकर खराब होत नाही. उकळीच्या सुरुवातीला टाकले तर कडू, शेवटी टाकले तर वास. भाजीत मसाला आधी टाकला आणि कोथिंबीर शेवटी टाकली, तसंच.

मग थंड करून यीस्ट. एल प्रकारचं यीस्ट १८ ते २२ अंशांच्या आसपास काम करतं आणि दोनेक आठवड्यांत मोकळं होतं. लागर प्रकारचं थंडीत, ८ ते १३ अंशांना काम करतं आणि जास्त वेळ घेतं.

आता मामा जे प्यायचा ती देशी, किंवा वर मेळघाटातली मोहाची, यांच्यात आणि बिअरमध्ये फरक काय? आंबवल्यानंतर ती ऊर्ध्वपातन करतात, म्हणजे भट्टीवर तापवून वाफ गोळा करतात. देशीत अल्कोहोल ४० टक्क्यांच्या आसपास जातं. बिअर आंबवण्यावरच थांबते, म्हणून बहुतेक वेळा ४ ते ८ टक्के. पण लक्षात घ्या, रेणू तोच आहे. लिव्हरला पाटी वाचता येत नाही.

मग 'क्राफ्ट' कशाला म्हणतात?

याची एकच ठरलेली व्याख्या नाही. साधारण अर्थ असा की छोट्या प्रमाणात, ब्रुअरच्या डोक्यातल्या चवीसाठी बनवलेली बिअर. मोठ्या कंपनीचं उद्दिष्ट असतं की काश्मीर ते कन्याकुमारी बाटली एकसारखी लागावी. त्यातही कौशल्य आहेच, तुच्छ लेखू नका. पण छोट्या ब्रुअरीत दर महिन्याला नवं काहीतरी करून पाहता येतं.

महाराष्ट्रात याची सुरुवात २००९ साली पुण्यात झाली, डूलाली या मायक्रोब्रुअरीनं. नाव ऐकून परदेशी वाटतं ना? ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे सैनिक बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून असायचे. कंटाळा, उकाडा आणि हिवताप. त्यातून डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली टॅप' म्हणायला लागले. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप! पुढे पुण्यात मुंढव्याची इंडिपेन्डन्स, ग्रेट स्टेट एलवर्क्स, मुंबईकडे गेटवे असे बरेच जण आले.

दुसरं असंच एक नाव म्हणजे आयपीए, इंडिया पेल एल. एक गोष्ट सगळीकडे फिरते की भारतात येताना बिअर नासायची, म्हणून कोणीतरी मुद्दाम जास्त हॉप्स टाकून ही शोधून काढली. तसं झालेलं नाही. जास्त हॉप्सची टिकाऊ पेल एल इंग्लंडमध्ये आधीपासून होती. लंडनच्या बो भागात हॉजसनची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ. जहाजावरचे अधिकारी तिथून माल उचलायचे, काही महिन्यांच्या प्रवासात ती बिअर मुरायची आणि इथल्या गोऱ्या साहेबांना आवडायची. 'इंडिया' हे नाव नंतर चिकटलं.

संत्र्याची गोष्ट

आता माझ्या आवडीच्या प्रकाराकडे येऊ.

पुण्यात पहिल्यांदा एका सीनियरनं मला बेल्जियन विटबिअर दिली. रंग ताकासारखा गढूळ. ग्लास नाकाशी नेला आणि मी थांबलोच. हा वास मला माहीत होता. संत्रा सोलताना सालटं वाकवलं की जो बारीक फवारा उडतो, डोळ्यात गेला की झोंबतो, तो वास. लहानपणी आम्ही पोट्टे तो फवारा एकमेकांच्या डोळ्यात मारायचो. मी त्याला विचारलं, यात संत्रा आहे का? तो म्हणाला, साल आहे. आणि धने.

विटबिअर म्हणजे बार्लीच्या माल्टबरोबर मोड न आणलेला गहू, त्यात संत्र्याची वाळलेली साल आणि धने. गव्हातल्या प्रथिनांमुळे ती गढूळ दिसते. सालीच्या वरच्या नारिंगी भागात तेलाच्या बारीक पिशव्या असतात, त्यात लिमोनीन नावाचं द्रव्य असतं. वास त्याचा. आतला पांढरा भाग मात्र कडू. म्हणून साल पातळ काढायची आणि उकळीच्या अगदी शेवटी टाकायची. आधी टाकली तर वास वाफेबरोबर उडून जातो.

या बिअरची कहाणी ऐकण्यासारखी आहे. बेल्जियममध्ये हुगार्डन नावाचं गाव आहे. तिथे एकेकाळी गव्हाच्या या बिअरच्या बऱ्याच ब्रुअऱ्या होत्या. थंडगार, स्वच्छ लागरपुढे त्या एकेक करून बंद पडल्या. शेवटची १९५० च्या दशकात गेली. पिएर सेलिस नावाचा एक दूधवाला होता. तरुणपणी तो घराशेजारच्या ब्रुअरीत हाताखाली काम करायचा, त्यामुळे कृती त्याला माहीत होती. गावातले लोक जुनी चव आठवून हळहळायचे. शेवटी १९६० च्या दशकाच्या मध्यात यानंच बिअर बनवायला घेतली. आणि चालली! १९८५ मध्ये ब्रुअरीला आग लागली, पैसा उभा करताना मोठी कंपनी आत आली आणि हळूहळू ब्रँड तिचा झाला. पुढे २००० नंतरच्या दशकात कंपनीनं उत्पादन दुसऱ्या गावी हलवायचं ठरवलं, तेव्हा हुगार्डनचे लोक रस्त्यावर आले. शेवटी ते परत गावात आणावं लागलं.

आज हुगार्डन जगभर मिळते. मग ती क्राफ्ट आहे की नाही? मालक पाहिला तर नाही. कृती पाहिली तर तीच दूधवाल्याची. म्हणून मी या शब्दावर फार भांडत नाही, ग्लासात काय आहे ते पाहतो.

चव घ्यायची कशी?

हा छंद स्वस्त नाही, पण त्याला साहित्य फारसं लागत नाही. नाक, जीभ आणि एक वही.

एक : पूर्ण ग्लास मागवू नका. बहुतेक मायक्रोब्रुअरीत छोटे नमुने मिळतात. चौघांनी मिळून चार प्रकार घ्या आणि वाटून प्या.

दोन : क्रम ठेवा. हलक्याकडून जड आणि कडूकडे. आधी गव्हाची, मग एल, मग आयपीए, शेवटी काळी स्टाउट. उलटं केलं तर कडव्यानं जीभ सुन्न होते.

तीन : फार गार नको. बर्फासारखी बिअर म्हणजे चव लपवलेली बिअर. पाच-दहा मिनिटं ग्लास तसाच राहू द्या. वास उघडतो.

चार : आधी वास घ्या, मग घोट. जे आठवेल ते लिहा, आणि आपल्या भाषेत लिहा. पुस्तकी शब्द नकोत. माझ्या वहीत असं लिहिलंय : 'भाजलेल्या भुईमुगाच्या टरफलासारखा वास', 'गुळाच्या काकवीसारखी', 'पहिल्या पावसात वखर चाललेल्या वावरासारखी'.

पाच : वासामागचं कारण शोधा. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये पिकल्या केळीचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळीही नसते, लवंगही नाही. तो वास त्या जातीचं यीस्ट तयार करतं. तापमान बदललं की केळी कमी-जास्त होते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला कोडमधला बग सापडल्यासारखा आनंद झाला होता.

सहा : दोषही ओळखा. लोण्यासारखा वास म्हणजे आंबवणं नीट पूर्ण झालेलं नाही. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअर शिळी, हवा लागलेली. उग्र, कुबट वास म्हणजे बाटलीला ऊन लागलं. उजेडानं हॉप्समधली द्रव्यं फुटतात, म्हणून बाटली तपकिरी असते.

आणि घरी बनवायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. परदेशात तो मोठा छंद आहे, पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. प्यायलासुद्धा कायद्यानं परमिट लागतं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमच्या तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, तिथे तर पूर्ण दारूबंदी.

आता आईचा प्रश्न

चला, गणित करू. अल्कोहोलची घनता ०.७९ धरा. ३३० मिलीचा ग्लास, ५ टक्के : साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली : ४१ ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बाटली ही तीन ग्लासांहून जास्त आहे. शरीर तासाला साधारण ८ ते १० ग्रॅम निकाली काढतं. लिंबूपाणी, कॉफी, आंघोळ, कशानंही हा वेग वाढत नाही. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर येते. आम्ही जातानाच गाडी घरी ठेवतो.

अजून एक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. 'क्राफ्ट आहे, नैसर्गिक आहे' हा बचाव चालत नाही. मामाही पहिल्या दिवशी बाटलीभर प्यायला नव्हता. तोही मित्रांसोबत, सणासुदीलाच सुरू झाला होता. हे मला आईनं नंतर सांगितलं.

म्हणून माझे नियम आहेत. महिन्यातून दोनदाच. एका बैठकीत ३३० मिलीचे दोन ग्लास धरून तेवढंच. एकट्यानं नाही. राग आला, रिलीज फसली, ब्रेकअप झालं, अशा दिवशी तर नाहीच. वहीत चवीबरोबर मिलीही लिहितो. आणि वर्षातून एक पूर्ण महिना बंद. त्या महिन्यात चिडचिड झाली, किंवा 'आज एक चालेल' असं मनात घोळायला लागलं, तर समजायचं की चवीचं निमित्त संपलं आणि दुसरंच काही सुरू झालं. दोन वर्षांपूर्वी एकदा तसं जाणवलं होतं. वही काढून पाहिली तर मागच्या तीन बैठकींत मिली लिहिलेले होते, चवीचा एक शब्द नव्हता. तेव्हा चार महिने थांबलो. ग्रुपमधल्या दोघांनी टिंगल केली. त्यांच्याबरोबर आता जात नाही.

दिवाळीत हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुया मामाले वही नोती, तुले आहे. पन वही काही हात धरत नाई बापा." आणि उठून चहा ठेवायला गेली. परवानगी दिली असं नाही, पण बोलणं बंद पण केलं नाही. आता फोनवर दर रविवारी विचारते, "वहीत काय लेयलं?" मी खरं सांगतो. खोटं सांगावंसं ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी वही बंद करायची असं मीच ठरवलंय.

बाबांना मात्र भलतंच कुतूहल. चुरीच्या ढिगाकडे पाहून म्हणाले, "त्याच्यात आपला संत्रा टाकतात म्हन्तं? कितीक लागते सालटं?"

मी हिशोब केला. पाककृतींमध्ये २० लिटरला २५-३० ग्रॅम वाळलेली साल सांगतात. म्हणजे १००० लिटरच्या घाणीला दीड किलोच्या आत.

बाबा हसले. "मंग एका झाडाचंबी काम नाई. चुरी काही खपत नाई आपली याच्यानं."

खरं आहे. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं तेव्हापासून आमच्या भागात भावाचं जे झालंय, ते पुण्यातल्या चार ब्रुअऱ्यांनी सुटणारं नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी चुरीचा ढीग तिथेच आहे. त्याला प्रक्रिया उद्योग लागतो, तो वेगळा विषय, एखाद्या भागात घेऊ.

निघताना बाबांनी पिशवीत पाच-सहा किलो चुरी भरून दिली. पुण्यात आल्यावर ग्रुपच्या बैठकीला घेऊन गेलो. त्या दिवशी बिअर उघडायच्या आधी सगळ्यांना एकेक संत्रा सोलायला लावला, सालटं वाकवून वास घ्यायला लावला, मग विटबिअर. एकानं वहीत लिहिलं, 'साल ओळखली.'

तुमच्या गावाकडचा एखादा वास आठवा, जो तुम्ही डोळे मिटून ओळखाल. मोहाचा, हुरड्याचा, ओल्या हळदीचा. चव घेण्याचा छंद तिथून सुरू होतो, आणि त्यासाठी बिअर लागतेच असं नाही. चहाचा, कॉफीचा, आंब्यांच्या जातींचा छंदही असाच करता येतो.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि प्यायला असाल तर चावी दुसऱ्याकडे द्या.